परका टॉवर

नटूभाई कोणत्याही संगणकाला हात लावण्याआधी त्याचा वास घ्यायचे. झाकण काढायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं. "उंदीर." किंवा "पाल. दोन-तीन दिवसांची." कधी नुसतंच "साहेब". म्हणजे साहेबांनी आत चहा सांडला आहे आणि तसं कबूल केलेलं नाही. त्यांचं निदान चुकलेलं मी एकदाच पाहिलं. त्या एका वेळेबद्दल लिहायचं म्हणून बसलो आहे, पण तिथपर्यंत जायला थोडा वेळ लागेल.

ते सुरतेला गेले आणि परत आले नाहीत, त्याला आता बरेच महिने झाले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे. नटूभाईंना ही रीत मान्य नव्हती. एका कारकुनाच्या शोकसभेत ते माझ्या शेजारी बसले होते. मयत कसा वक्तशीर होता हे साहेब सांगत होते. नटूभाई माझ्या कानाशी वाकून म्हणाले की सर, मी गेल्यावर असलं काही बोललात तर तुमच्या गोळ्यांच्या कपाटात उंदीर सोडीन. म्हणून आधीच सांगून टाकतो. ते वक्तशीर नव्हते. तंबाखू खायचे. दुसऱ्याच्या डब्यातली चटणी न विचारता संपवायचे, आणि वर मीठ जास्त झालंय असं सांगायचे.

नाव नटवर पाटील. तापीकाठच्या एका गावातले, केळी-कापूसवाले गुजर. पूर्वज कधीकाळी गुजरातेतून आलेले. घरी गुजरी, बाजारात अहिराणी आणि साहेबांसमोर शाळेतलं मराठी, अशा तीन भाषा ते बोलायचे. शिव्यांसाठी चौथी राखून ठेवली होती, ती कुठली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. केळीची बाग भावाच्या हवाली करून डोंगरातल्या आरोग्य केंद्रांचे संगणक दुरुस्त करण्याचं कंत्राटी काम त्यांनी धरलं होतं. महिन्याचा पहिला पंधरवडा धडगावकडचा घाट, दुसरा अक्कलकुव्याकडचा. वडापच्या जीपमधून, बहुतेक वेळा मागच्या फळीवर उभं राहून. खांद्याला पशुखाद्याच्या गोणीची शिवलेली पिशवी. तिच्यात पेचकस, दात घासायचे तीन जुने ब्रश, कांदा-भाकरी, आणि बायकोच्या खणाच्या तुकड्यात बांधलेलं इंटरनेटचं डोंगल. सगळ्या पिशवीत नीट बांधलेली वस्तू ती एकच.

आमचं केंद्र खापरहून वर, डोंगरात. मी तिथे औषधं देतो. पंधरा वर्षं देतोय. हातात सदा पुस्तक असतं म्हणून नटूभाई मला सर म्हणायचे. चिडले की गोळीवाले सर. डॉक्टरांची जागा त्या काळात कागदावर भरलेली आणि खुर्चीत रिकामी होती. खरा दवाखाना चालायचा तो मार्था सिस्टरांच्या दोन हातांवर. त्या नवापूरकडच्या, शेतकरी ख्रिस्ती घरातल्या. बोलणं कमी, चालणं भरभर, आणि चेष्टा करायची वेळ आली तर चेहरा अजिबात न हलवता करायच्या.

आमच्याकडे छातीचा आलेख काढायचं एक यंत्र आलं होतं. रोग्याच्या छातीला, हातापायांना वायरी लावायच्या, आलेख संगणकात उतरायचा, तो इंटरनेटवरून शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचा आणि त्यांचं उत्तर आलं की तसं वागायचं. कल्पना फार चांगली होती. फक्त तिच्यात नेटवर्क लागत होतं. आमच्या डोंगरात नेटवर्क राहत नाही, जाता जाता डोकावतं. कधी दोन मिनिटं, कधी पाच. ते आलं आहे हे बघून संगणकावर जोडणीचं बटण दाबायचं. बटण दाबेपर्यंत ते गेलेलं असायचं.

नटूभाई पहिल्यांदा आले त्या सकाळी खाटेवर एक बाई होती, छातीत कळ आलेली. मार्था सिस्टर तिच्या हातावर हात ठेवून होत्या. दर अर्ध्या मिनिटाला त्या हात सोडून पलीकडच्या खोलीत धावायच्या, बटण दाबायच्या, नाही लागलं की परत. प्रत्येक वेळी हात सुटला की ती बाई डोळे उघडून दाराकडे बघायची. नटूभाई प्रिंटर उघडून बसले होते. त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि मोजायला लागले. सिस्टर अकरा वेळा धावल्या. बाराव्यांदा जोडणी लागली.

बाई बरी होऊन घरी गेली. नटूभाई मात्र गेले नाहीत. प्रिंटर तसाच उघडा टाकून त्यांनी मला विचारलं, की बटण कोणासाठी असतं? मी म्हटलं, दाबण्यासाठी. ते म्हणाले, "पुस्तकं वाचून काय केलं तुम्ही? बटण माणसासाठी असतं. संगणकाला बटण लागत नाही. आपण बटण दाबतो, मग बटण आतल्याला हाक मारतं. ह्या बाईला धावडवायचं कशाला? आपण आतल्यालाच थेट हाक मारायची."

मग दोन दिवस ते आमच्याकडेच राहिले. माझी सगळी चटणी संपली. आतल्याला हाक मारायचा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. तो कसा चालतो हे त्यांनी मला समजावलं, आणि मला ते कळलं याचं श्रेय त्यांच्या वाह्यातपणाला आहे. नेटवर्क दिसलं म्हणजे जोडणी झाली असं नसतं, ते म्हणाले. मुलगी बघितली म्हणजे लग्न लागलं का? आधी डोंगल जागं आहे का बघायचं, म्हणजे मुलगा घरी आहे का. मग सिमकार्ड उघडं आहे का, म्हणजे पोरगा शुद्धीवर आहे का. मग टॉवरने आपलं नाव नोंदवून घेतलं का, हा साखरपुडा. बहुतेक लोक इथेच जेवून घरी जातात. खरं लग्न पुढे आहे. संगणकाने आतून सांगायचं की जोडणी चालू कर, आणि टॉवरने हो म्हणायचं. नाही म्हणाला तर अर्धा मिनिट थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून, लाज न धरता. दिवसभर. सिस्टरने आलेख फक्त एका कप्प्यात ठेवायचा आणि रोग्यापाशी बसायचं.

या प्रोग्रॅमचं नाव त्यांनी ठेवलं गोचीड. गोचीड गवताच्या पात्यावर बसून राहते, म्हैस कधी येईल सांगता येत नाही, पण आली की चिकटते आणि पोट भरल्याशिवाय सुटत नाही. कार्यालयाच्या कागदावर वेगळं भारदस्त नाव लिहावं लागलं. ते कोणालाच आठवत नाही.

केंद्रातलं डोंगल त्यांनी लांब वायरीने छपरावर नेलं, बांबूच्या टोकाला बांधलं आणि वर न्हाणीघरातला प्लास्टिकचा मग उपडा घातला. तपासणीला आलेल्या एका साहेबांना ऐनवेळी मग सापडला नाही. नटूभाईंनी त्यांना शाळेतल्या मराठीत सांगितलं की सदर मग रुग्णसेवेत कार्यरत आहे.

जोडणी लागली की मगाखालून निळा दिवा दिसायचा. पाड्यावरची माणसं येता-जाता वर बघून सिस्टरना सांगायची की लागली गं तुझी. सिस्टर मान हलवायच्या. त्या आता धावत नव्हत्या. रोग्याच्या हातावरचा हात त्यांनी उचलायचं सोडलं होतं.

गोचीड आपण करत असलेलं प्रत्येक काम एका नोंदीत लिहून ठेवायची, वेळेसकट. या नोंदीची वाक्यं नटूभाईंनी आपल्या स्वभावाप्रमाणे घातली होती. डोंगल सापडलं नाही तर "नवरदेव पळाला." सिम बंद असेल तर "पोरगा झोपला." टॉवर नाही म्हणाला तर "पत्रिका जुळत नाही." ही नोंद माझ्याशिवाय कोणी वाचत नव्हतं. दुपारी रोगी नसले की मी पुस्तक बाजूला ठेवून ती वाचायचो.

मग वरून एक पत्र आलं. आमच्या भागात गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. गोचिडीला हद्द कळत नसे. आपल्याकडचा टॉवर दिसला नाही की ती पलीकडचा धरायची. त्यामुळे जिल्ह्यातल्या कोणत्यातरी पडद्यावर आमचं केंद्र अधूनमधून परराज्यात दिसू लागलं. वरून विचारणा झाली: आपले आरोग्य केंद्र राज्याबाहेर कार्यरत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी तात्काळ लेखी खुलासा करावा.

मार्था सिस्टरनी ते पत्र दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या की काल तर इथेच होतं. खुलासा नटूभाईंनी लिहिला. केंद्राची समक्ष पाहणी केली असता ते जागेवरच आढळले, भिंती मोजून घेतल्या आहेत, कडुनिंबाचे झाडही हललेले नाही. यावर दुसरं पत्र आलं, जास्त कडक. नटूभाईंच्या कंत्राटाचा उल्लेख असलेलं. तेव्हा ते चिडले. चिडून त्यांनी गोचिडीत एक ओळ वाढवली: टॉवर बाहेरच्या राज्याचा असेल तर जोडणी करायची नाही. आणि नोंदीसाठी वाक्य घातलं, "परका टॉवर. पायरी चढणार नाही."

सिस्टर म्हणाल्या, "नटूभाई, तुमचे आजे-पणजे तिकडचे. आणि टॉवर परका?"

नटूभाई म्हणाले की म्हणूनच तर. सोयऱ्याच्या घरी बोलावल्याशिवाय जाऊ नये. सगळे हसले. मीही हसलो. वाक्य चांगलंच होतं.

पुढच्याच महिन्यात, बाजाराच्या दिवशी सकाळी सिंगा वसावेला चौघांनी झोळीतून आणलं. साठीचा माणूस. घामाने भिजलेला, डावा हात छातीशी धरलेला. सिस्टरनी आलेख काढला, कप्प्यात ठेवला आणि त्याच्यापाशी बसल्या. उत्तर येत नव्हतं. नेटवर्क नसेल असं आम्ही समजलो. आधी असतं तर सिस्टर धावल्या असत्या, पडद्यावर बघितलं असतं. आता त्यांचा गोचिडीवर विश्वास होता. तासाभराने त्यांनी आणखी वाट न बघता सिंगाला जीपमधून अक्कलकुव्याला पाठवलं. तो घाटातच गेला.

नटूभाई दुसऱ्या दिवशी आले. संगणकाचा वास घेतला नाही. सरळ नोंद उघडली. त्या सकाळी पलीकडचा टॉवर पूर्ण ताकदीने दिसत होता, तासभर. आणि दर अर्ध्या मिनिटाला एक ओळ पडली होती. परका टॉवर. पायरी चढणार नाही. परका टॉवर. पायरी चढणार नाही. नटूभाई बाणाची कळ दाबत एकेक ओळ खाली गेले, एकही न गाळता. मी शेजारी उभा होतो. त्यांनी तंबाखूची डबी काढली, उघडली, बंद केली, परत खिशात ठेवली.

उत्तर वेळेवर आलं असतं तर सिंगा जगला असता का, असं त्यांनी सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "सांगता येत नाही. तासभर आधी निघाला असता, एवढं खरं."

त्यांनी ती अट काढून टाकली. नोंदीतली सगळी गमतीची वाक्यंही काढली. नवरदेव गेला, पत्रिका गेली. जे होईल तेवढंच लिहायचं: टॉवर नाही. टॉवर दिसला. जोडलं. मग सिस्टरना बरोबर घेऊन ते सिंगाच्या पाड्यावर चालत गेले. नसते गेले तरी चाललं असतं. त्या ओळीबद्दल आम्हा तिघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि कार्यालयाला तर ती ओळ हवीच होती.

तिथे काय झालं ते सिस्टरनी मला सांगितलं. नटूभाईंनी सिंगाच्या बायकोला, बिजीबाईला, सगळं सांगितलं. टॉवर, ओळ, तासभर. सिस्टर भिलीत सांगत होत्या. बिजीबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं की हा डॉक्टर आहे का? नाही. मग पोलीस? नाही. मग हा कोण? सिस्टर म्हणाल्या, मशीन नीट करणारा. तेव्हा ती घरात गेली आणि बंद पडलेला सौरकंदील आणून तिने त्यांच्यापुढे ठेवला. नटूभाई अंगणात बसले. कंदील उघडला, सवयीने वास घेतला आणि म्हणाले, "मुंग्या." बिजीबाईला ते सिस्टरनी भिलीत न सांगताच कळलं. ती थोडी हसली, असं सिस्टर म्हणाल्या. त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक फेरीत ते त्या पाड्यावर जायचे. एक कंदील इतक्या वेळा बिघडत नाही.

आणि दुसरी एक सवय लागली. गोचीड नीट चालते का हे बघायला ते आधी एखादी खोटी फाइल पाठवायचे. आता ते म्हणाले की खोटा कागद हलका असतो, पटकन जातो, त्यावरून काही कळत नाही. खरा आलेख पाहिजे. माझं स्वतःचं काळीज रांगेत अडकलं तरच मला कळेल ते कुठं अडकतं. म्हणून दर फेरीला ते सदरा काढून खाटेवर आडवे व्हायचे, सिस्टर वायरी लावायच्या, आणि आलेख जायचा तो "टेस्ट पेशंट" या नावाने. शहरातल्या डॉक्टरीणबाईंना हे माहीत होतं. त्या "मिळाला" एवढंच उत्तर पाठवायच्या. आम्हीही नटूभाईंना टेस्ट पेशंट म्हणू लागलो. आले टेस्ट पेशंट, चटणी लपवा.

असं वर्षभर चाललं. एके दिवशी उत्तर वेगळं आलं. टेस्ट पेशंट कोण आहेत? त्यांना छातीत दुखतं का? मोठ्या रुग्णालयात दाखवा.

नटूभाईंनी ते वाचलं आणि ते खूश झाले. म्हणजे जोडणी अशी मस्त चालते की बाईंना रोगी खराच वाटला. मग त्यांनी आलेख बघितला, सिस्टरच्या हातातली वायर बघितली आणि म्हणाले, वायर ढिली आहे. पुढच्या वेळी नवी आणतो.

इथेच त्यांचं निदान चुकलं. आमचंही चुकलं. हे लिहायला मला बरेच दिवस लागले आहेत. वायरीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. पंधरा वर्षं मी या केंद्रात औषधं दिली, घाटाचा चढ चढताना ते दोनदा थांबतात हे मी पाहिलं होतं, आणि तरी मी वायरीवर विश्वास ठेवला. सिस्टरनी त्यांना एकदा विचारलं, की दम लागतो का? ते म्हणाले, "माले काय व्हस? तुमना घाटले दम लागस." मला काय होतंय, दम तुमच्या घाटाला लागतो. आम्ही हसलो.

पुढच्या महिन्यात त्यांनी नवी वायर आणली. उत्तर पुन्हा तसंच आलं, पहिल्यापेक्षा लांब. ते म्हणाले की मग दोष यंत्राच्या पेटीत आहे. पेटी उघडली, वास घेतला. काहीच नव्हतं. काहीच नाही याचा त्यांना राग आला.

तिसऱ्या महिन्यात मार्था सिस्टर त्यांची वाट बघत बसल्या होत्या. वायरी लावल्या, आलेख काढला. मग त्यांनी नटूभाईंना उठवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, सदरा काढा." मी पुस्तकासकट आडवा झालो. त्याच खाटेवर, त्याच वायरी, तीच पेटी. माझा आलेख निघाला. सिस्टरनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी टेबलावर ठेवले. माझ्या रेघा शाळेत काढल्यासारख्या. त्यांच्या रेघा तशा नव्हत्या.

नटूभाईंची स्वतःची एक म्हण होती, संगणक बिघडल्याची तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. सिस्टरनी ती त्यांनाच ऐकवली. "यंत्र खोटं बोलत नाही नटूभाई. तुम्हीच सांगता ना."

नटूभाई बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिले. कोणत्याही बिघाडाकडे बघताना व्हायचा तसाच त्यांचा चेहरा झाला होता, जरा उत्सुक. मग त्यांनी माझा कागद उचलला आणि म्हणाले की गोळीवाले सर, तुमचं काळीज अगदीच कंटाळवाणं आहे. सदरा घातला. गुंड्या लावायला त्यांना वेळ लागला. शेवटची सिस्टरनी लावली.

सुरतेला जायचं ठरलं. आमच्याकडचे लोक तिकडेच जातात. त्यांच्या भावाने गाडी केली. जाण्याआधी डोंगरातल्या सगळ्या केंद्रांची गोचीड एकदा बघून घेतो असा त्यांनी हट्ट धरला. त्यांच्या बायकोने, हिराबेननी, तो एका वाक्यात मोडला. त्या म्हणाल्या की ती गोचीड तुमच्याशिवाय जगते, मी तपासलंय. एवढं मात्र नटूभाईंनी मिळवलं की जाताना गाडी खापरला थांबवायची आणि मी तिथे यायचं. का ते सांगितलं नाही.

सकाळी नऊच्या सुमाराला मी खापरच्या नाक्यावर उभा होतो. हमरस्त्यावर ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्यांवर गर्दी. गाडी आली. नटूभाई वाळले होते, पण टोपी नेहमीसारखी तिरकी होती. मला मागच्या सीटवर हिराबेनच्या शेजारी बसवलं आणि भावाला हळू चालवायला सांगितलं. मांडीवर त्यांचा जुना लॅपटॉप. खणाचा तुकडा सोडून त्यांनी डोंगल काढलं, वायरीने लॅपटॉपला जोडलं आणि खिडकीच्या बाहेर धरलं. छपरावरच्या बांबूसारखा हात.

मी विचारलं, हे काय चाललंय?

ते म्हणाले की एक गोष्ट बघायची राहिली होती. ती अट काढली खरी, पण हद्दीवर उभं राहून कधी बघितलं नाही. आपला टॉवर सुटतो आणि परका लागतो, त्या मधल्या वेळेला गोचीड काय करते? किती वेळ लोंबकळते? तेवढ्यात कोणाचा कागद असला तर?

"आणि आज कोणाचा कागद आहे?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "टेस्ट पेशंट," ते म्हणाले. काल गावाकडच्या दवाखान्यात काढून घेतलेला आलेख आपला टॉवर सुटला की कप्प्यात टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

हद्दीची पाटी दिसू लागली. खिडकीबाहेरचा निळा दिवा विझला तसा त्यांनी आलेख कप्प्यात टाकला. पडद्यावर ओळ आली: टॉवर नाही. भावाने गाडी आणखी हळू केली. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला. हिराबेन पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. टॉवर नाही. आम्ही पाटी ओलांडली. एक पेट्रोल पंप गेला, एक धाबा गेला. टॉवर नाही. 

मग ओळ बदलली. टॉवर दिसला. आणि लगेच खाली: जोडलं.

"लागनी," नटूभाई म्हणाले. चिकटली. स्वतःशीच.

त्यांनी घड्याळ बघून मधला वेळ एका कागदावर लिहिला आणि कागद माझ्या खिशात घातला, सिस्टरना द्यायला. गाडी बाजूला घेऊन मला उतरवलं. परतीची जीप समोरून येईलच, आली नाही तर पुस्तक आहेच, असं म्हणाले. आणि कंदील बघून या, एवढं सांगितलं. मी हो म्हटलं.

गाडी निघाली. त्यांनी हात आत घेतला नव्हता. डोंगल तसंच बाहेर धरलेलं, आलेख पूर्ण जाईपर्यंत. सकाळच्या उन्हात तो निळा दिवा खरं तर दिसायला नको होता. पण रस्ता सरळ होता आणि मला तो बराच वेळ दिसत राहिला. पुढे वळण आलं. वळणावर हात आत गेला की नाही, ते मला नीट दिसलं नाही.